चाळिसांतल्या सोळा खुर्च्या

"वहिनी, आज मारामारीचं आहे की रडारडीचं?" मोहनरावांनी पायपुसण्यावर बुटांचा बर्फ झटकत विचारलं.

"मला कुठे आधी सांगतात? बसा. अठरा नंबर तुमचा."

"आणि सँडविच?"

"व्हेज आहे. अंडं नाही. मी स्वतः बघितलंय."

"मग मालिका कशीही असू दे," मोहनराव म्हणाले, आणि मागून आलेल्या सुमेधासकट चार-पाच जणी हसल्या.

वनिता हातातल्या कागदावर खुणा करत होती. हॉल ओकव्हिलला, ४०३ हायवेच्या कडेच्या एका प्लाझात होता. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला फरशांचं दुकान. आत चाळीस खुर्च्या, समोर मोठा टीव्ही आणि डाव्या भिंतीला लांबलचक आरसा. आरशाच्या पलीकडे कंपनीची गिऱ्हाइकं बसत. म्हणजे चॅनेलची माणसं. त्यांना हॉल दिसे, हॉलला ते दिसत नसत. कुठलीही नवी मालिका करायची की नाही हे ठरण्याआधी तिचा पहिला भाग इथे चाळीस माणसांना दाखवायचे. प्रत्येकाच्या हातात मुठीत मावेल एवढी डबी, डबीवर चकती. आवडलं की चकती उजवीकडे, नाही आवडलं की डावीकडे. शून्य ते शंभर. ऑफिसात सगळे त्या डबीला डायल म्हणत.

डायल वाटणं, गोळा करणं, कोण कुठल्या खुर्चीत बसलं ते लिहिणं आणि शेवटी 'सगळं नियमाप्रमाणे झालं' म्हणून सही करणं, हे वनिताचं काम. अकरा वर्षं झाली. सांगलीला ती बँकेत कॅशियर होती. इथे आल्यावर कुठल्याही बँकेने तिला दारात उभं केलं नाही. मग हे मिळालं, आणि तिने ते धरून ठेवलं.

अकरा वर्षांत तीन-साडेतीनशे मालिका तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या. पोलिसांच्या, वकिलांच्या, डॉक्टरांच्या, बर्फात गाडलेल्या प्रेतांच्या. त्यातल्या निम्म्या आपटल्या. पण म्हणून कुणी कधी म्हटलं नाही, की गोऱ्या माणसांच्या मालिका चालत नाहीत बुवा. काळ्या माणसाला मधोमध ठेवून केलेली, हसवायला नाही तर घरादाराची, जिवाला लागणारी गोष्ट किती वेळा आली? तीन वेळा. आजची धरून. आधीच्या दोन्ही पडल्या होत्या, आणि वनिताला त्या आरशाचा संशय होता. आरशाआड बसणाऱ्यांनी उत्तर आधीच लिहून आणलेलं असतं आणि ही चाळीस डोकी नुसती शिक्का मारायला जमवलेली असतात, असं तिला वाटे. बोलली कधी नाही. महिन्याचा पगार घेणारी बाई आरशाशी भांडत नाही.

आजची मालिका बनवणारी बाई तिला सकाळीच वॉशरूममध्ये भेटली होती. पन्नाशीची, उंच, काळी, राखाडी सूट घातलेली. आरशासमोर ब्लाऊजचं तुटलेलं बटण हातात घेऊन उभी होती. वनिताने न बोलता बांगडीतली सेफ्टी पिन काढून तिच्यापुढे धरली.

"तुम्ही बांगडीत पिना ठेवता?" ती बाई इंग्रजीत म्हणाली.

"आमच्याकडे सगळ्या बायका ठेवतात."

"माझी आजी कॉलरच्या मागे ठेवायची." पिन लावता लावता ती म्हणाली, "मी मार्व्हा. आज दाखवताय ते माझं आहे. सात वर्षं लागली इथवर यायला."

"सात?"

"सात. साठ मिळाले की पास, असं कळलंय. पास झालं तर दहा भाग. नाही झालं तर मी घरी जाईन, त्याचं काही नाही. पण पुढची दहा वर्षं माझ्यासारखी कुणी यांच्याकडे गेली, की हे म्हणतील, केलं होतं एकदा, लोकांनी नाकारलं." पिन नीट बसली. तिने आरशात पाहून कोट सारखा केला. "बाकीच्यांना आपटायला मुभा असते. मला नाही."

अकरा वाजले तरी एक खुर्ची रिकामीच होती. विश्वनाथ जोगळेकरांची सून फोनवर म्हणाली, "बाबांना या थंडीत नाही पाठवत, काकू." चाळीस म्हणजे चाळीस हवेत असा कंपनीचा हुकूम. कमी पडलं की ऑफिसातल्या कुणीतरी बसायचं. वनिता त्यांच्या तेवीस नंबरच्या खुर्चीत बसली, डायल मांडीवर घेतली, आणि दिवे मंद झाले.

मालिका विंडसरची होती. नदीपल्याड, सरहद्दीच्या पलीकडे, डेट्रॉईटचे दिवे. मोटारींच्या कारखान्यात तीन पिढ्या राबलेलं काळं कुटुंब. बाप युनियनचा पुढारी, आई शाळेत मुख्याध्यापिका, मोठी मुलगी वकील होऊन बापाच्याच कारखान्याच्या बाजूने उभी राहिलेली. बंदुका नाहीत, गांजा नाही. जेवणाच्या टेबलावर भांडण, आणि ते भांडण असं की वनिता खुर्चीत पुढे सरकून बसली. आपल्या घरात नवऱ्याचं, अरविंदचं, आणि मुलाचं व्हायचं, तस्संच.

संपल्यावर चर्चा घेणाऱ्या मुलीने इंग्रजीत विचारलं, कसं वाटलं? पुढच्या ओळीतल्या गोऱ्या पेन्शनर बायका बोलल्या, मुलीचं काम छान आहे, शेवटी डोळ्यांत पाणी आलं. मोहनराव "व्हेरी नाइस, व्हेरी नाइस" म्हणाले, आणि लगेच सुमेधाकडे झुकून मराठीत, "पण एवढं मोठं घर? ते लोक राहतात होय असे? काहीही दाखवतात."

"मला तर वाटलं, हा आता चोरीच करणार," सुमेधा म्हणाली.

सगळे हसले. वनिताही हसली. सवयीने.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती आकडे घेऊन बसली. संगणकावर चाळीस रेषा येतात, एकेका खुर्चीची एकेक, मिनिटागणिक वर-खाली. एकूण सरासरी आली पंचावन्न. नापास. वनिताच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की बघा, पाडली. गोऱ्यांनी पाडली.

मग तिने गट पाडून पाहिले. चोवीस गोरे होते, त्यांची सरासरी चौसष्ट. तिने चष्मा पुसून परत पाहिलं. चौसष्टच. उरलेल्या सोळांची एक्केचाळीस.

हे सोळा म्हणजे फॉर्मवरचा 'विविध' गट. चाळीस टक्के माणसं गोरी नसलेली हवीत, असा नियम होता. वनिताने सोळा नावं वाचली. मोहन, सुमेधा, सुमेधाची जाऊ, पाटणकर नवरा-बायको, मिल्टनचे दोघे भाऊ... सोळाच्या सोळा आपली. एका मंडळाची, एका गणपतीची. विंडसरच्या काळ्या घराची गोष्ट, आणि ती जोखायला बसलेल्या चाळिसांत काळा माणूस एकही नाही.

तिने सोळा रेषा एकमेकींवर ठेवल्या. चौथ्या मिनिटाला सगळ्या एकदम खाली कोसळत होत्या. काय होतं चौथ्या मिनिटाला? तिने ते दृश्य लावलं. काहीच नव्हतं. संध्याकाळ आहे. बाप कामावरून येतो, मोठ्या विटांच्या घराच्या पायऱ्या चढतो, खिशातून किल्ली काढतो आणि दार उघडतो. बस. एवढंच.

स्वतःच्या घराचं दार उघडतो, म्हणून सोळा हात डावीकडे वळले होते.

वनिताच्या अंगाची लाही झाली. मोहनरावांचा, सुमेधाचा, सगळ्यांचा तिला असा राग आला की तिने एकेक रेषा वेगळी उघडून बघायला घेतली, कोण किती पडलं ते. अठरा, एकोणीस, वीस. तेवीसची रेषा तर सगळ्यांत जोरात पडली होती, आणि शेवटपर्यंत नीट वर आलीच नव्हती. सरासरी अडतीस. रागाच्या भरात नंबर तिच्या ध्यानातच आला नाही; हा कोण महाभाग म्हणून तिने यादीत बोट फिरवलं. विश्वनाथ जोगळेकर, गैरहजर. बदली: वनिता.

आपण चकती फिरवल्याचं तिला आठवत नव्हतं. पुढे सरकून बसल्याचं आठवत होतं, टेबलावरच्या भांडणात जीव गुंतल्याचं आठवत होतं. पण रेषेला आठवणीशी घेणंदेणं नसतं. तिकडे डोळे पाणावत होते आणि इकडे हाताने आपलं काम चोख केलं होतं. सांगलीत तीन स्थळांनी तिला 'मुलगी हुशार आहे, पण रंगाने...' म्हणून परत पाठवलं होतं. त्या तिन्ही सासवांना तिने मनातल्या मनात आयुष्यभर शिव्या दिल्या होत्या. आणि आता हे.

ती निहारच्या केबिनमध्ये गेली. निहार पुण्याचा, तेहतीस वर्षांचा, माणसं जमवणं आणि रिपोर्ट लिहिणं हे त्याचं खातं. हुशार पोरगा. तिला काकू म्हणायचा, डब्यातली भाकरी हक्काने मागून खायचा.

"निहार, या सोळांत एकही काळा माणूस नाही."

"हो, मग?" त्याने स्क्रीनवरून मान वळवली नाही. "काकू, फॉर्मवर काय लिहिलंय? व्हिजिबल मायनॉरिटी, फॉर्टी पर्सेंट. आपण व्हिजिबल आहोत, मायनॉरिटी आहोत. टिक झालं."

"काळ्या माणसांची गोष्ट आहे ती."

"जोगळेकर आजोबा आले असते तर चाललं असतं ना? त्यांच्यापेक्षा काळं कोण आहे?" तो हसला.

वनिता हसली नाही. "गोऱ्यांनी चौसष्ट दिलेत. ती पास होत होती. आपण पाडली."

आता त्याने खुर्ची वळवली. "काकू, इमोशनल नका होऊ. डेटा इज डेटा."

"रिपोर्टात काय लिहिलंयस?"

त्याने स्क्रीन तिच्याकडे फिरवली. इंग्रजी वाक्य साधं होतं. 'विविध समाजांतल्या प्रेक्षकांनाही ही मालिका आपली वाटली नाही. उलट त्यांचाच प्रतिसाद सर्वांत थंड होता.'

झालं. चॅनेलला दुसरं काय हवं? आम्ही कुठे नाही म्हटलं, त्यांच्यातल्याच लोकांना नको होती, असं म्हणायला कागद मिळाला. गोऱ्याने नाकारलं असतं तर बोंब झाली असती. आपण नाकारलं की ती लोकांची आवड ठरते.

"तुला कुणी सांगितलं, अशी माणसं भर म्हणून?"

"असं कोण कशाला सांगेल? मेल होता. 'लास्ट टाइमसारखंच करा.'"

"लास्ट टाइम म्हणजे?"

"ती हॅलिफॅक्सची नव्हती का, नर्सची? दोन वर्षांपूर्वीची." त्यात नर्स काळी होती. तिनांतली दुसरी.

"तेव्हाही मंडळाचीच माणसं होती?"

"काकू," निहार आवाज खाली आणून म्हणाला, "यादी कुणाची आहे? तुम्हीच दिली होती ना मला? मी नवीन होतो, कोटा भरत नव्हता. तुम्ही म्हणालात, थांब, गणपतीच्या वर्गणीची यादी आहे माझ्याकडे, सगळे वेळेवर येतात आणि कटकट करत नाहीत."

म्हणाली होती. अगदी याच शब्दांत. आपली माणसं आहेत, दोन तास गरम हॉलमध्ये बसतील, गिफ्ट कार्ड मिळेल, चार गप्पा होतील. आपल्या लोकांचं भलं केल्याचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता.

"मी सही नाही करणार," ती म्हणाली.

"प्लीज. माझं पीआर अडकलंय. याच लोकांचं लेटर जोडलंय मी, ते फिरलं तर इथे कायमचं राहता यायचं नाही." त्याचा चेहरा एकदम लहान झाला. मग तो सावरला. "बरं, नका करू. मी करतो."

त्याने तिच्यादेखत कागद ओढला आणि सही ठोकली. सहीवाचून जगाचं काही अडत नाही, हे वनिताला त्या दिवशी कळलं.

रात्री अरविंदला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला काय करायचंय? ते लोक आपल्याकरता काय करतात?" कालपर्यंत हे वाक्य तिचंही होतं.

शुक्रवारी दहाला निकालाची बैठक होती. वनिता पावणेदहापासून पार्किंग लॉटमध्ये उभी होती, स्कार्फ नाकापर्यंत ओढून. मार्व्हाची गाडी आली. ती उतरली, आणि वनिताने इंग्रजीत, जसं जमेल तसं, एका दमात सांगून टाकलं. सोळा खुर्च्या, एक मंडळ, एकही काळा माणूस नाही. यादी माझी. रिपोर्टातलं ते वाक्य.

मार्व्हाने ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, म्हणून वनिता आणखीच घाबरली.

"मी आरशामागेच बसले होते," मार्व्हा म्हणाली. "हॉलमध्ये माझ्यासारखं कुणी नाही, हे पहिल्या मिनिटाला मोजून झालं होतं माझं. तुम्ही नवीन काय सांगताय?"

वनिताने नाकावरचा स्कार्फ खाली ओढला. "तेवीस नंबरवर मी होते."

"माहितीये. तुम्हाला पाहिलं मी. पुढे सरकून बसला होतात." मार्व्हाने गाडीचं दार लावलं. "किती दिलेत?"

"अडतीस."

"कुठे पडले?"

"चौथ्या मिनिटाला. किल्लीपाशी."

मार्व्हाने प्लाझाच्या पलीकडे, हायवेच्या दिशेने पाहिलं. ट्रकमागून ट्रक जात होते. "विंडसरचं ते घर माझ्या वडिलांचं आहे," ती म्हणाली. "ते बांधायला एकवीस वर्षं गेली त्यांची. स्वतःच्या दारात दोनदा पोलिसांनी अडवलं, किल्ली कुठून आणलीस म्हणून. मला पोलिसांचं कळतं. तुमचं नाही कळत."

"मलाही नाही कळत," वनिता म्हणाली. "मी मुद्दाम नाही..."

"मुद्दाम कुणीच नाही करत." ती रागावलेली वाटत नव्हती. दमलेली वाटत होती. "मला हे इथे गाडीपाशी सांगून काय उपयोग? तुमच्या मनावरचं ओझं उतरेल, माझ्या हातात काय येईल? आत मी एकटीने सांगितलं तर म्हणतील, हरली म्हणून रडतेय. आत सांगा."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल," मार्व्हा म्हणाली आणि दाराकडे चालू लागली.

वनिता तिथेच उभी राहिली. पाय गारठले. तिचं वय चोपन्न. या वयात, या गावात, सांगलीच्या बँकेचा दाखला घेऊन पुन्हा दारोदार फिरायचं. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर बातमी पसरेल, वनिताने आपल्याच माणसांना गोऱ्यांपुढे उघडं पाडलं. सुमेधा फोन उचलणार नाही. हे सगळं तिने नीट मोजलं, कॅशियरच्या सवयीने. मग आत गेली, केबिनमधून छापलेल्या रेषांचे कागद उचलले आणि बैठकीच्या खोलीचं दार लोटलं.

टेबलाभोवती सहा जण होते. चॅनेलचा माणूस, त्याच्या दोन मदतनीस बायका, कंपनीचा मालक, निहार आणि खिडकीशी मार्व्हा. कुणी बोलायचं थांबलं नाही. चॅनेलच्या माणसाने वनिताकडे न पाहताच आपला कॉफीचा रिकामा कप उचलून तिच्या बाजूला सरकवला.

"थँक्स," तो म्हणाला.

निहारने तिच्या हातातले कागद पाहिले. "काकू, नको," तो मराठीत पुटपुटला.

वनिताने कप उचलून खिडकीत ठेवला. त्याच्या जागी कागद पसरले. बसायला खुर्ची नव्हती, ती उभीच राहिली.

"ही माणसं मी आणली," ती म्हणाली. इंग्रजीची वाक्यं वाकडी पडत होती, क्रियापदं पुढेमागे होत होती. तिने पर्वा केली नाही. "सोळा जण. सगळे एका मंडळाचे. माझे मित्र. काळा माणूस एकही नाही. दोन वर्षांपूर्वी नर्सच्या मालिकेला पण हेच होते. मेलमध्ये लिहिलं होतं, 'लास्ट टाइमसारखंच करा.' मालिका वाईट म्हणून नाही पडली. हे बघा, चौथं मिनिट. इथे एक माणूस त्याच्या घरात शिरतो."

"हे फार इंटरेस्टिंग आहे," मालक घाईघाईने म्हणाला, "पण आपण ते नंतर..."

"बाकीच्यांची नावं मी देणार नाही. एक देते. ही रेषा, सगळ्यांत खाली आहे ती, माझी."

चॅनेलच्या माणसाने ओठ मुडपून मान हलवली, सगळं कळल्यासारखी. मग त्याने लॅपटॉप बंद केला. हळूच, आवाज होऊ न देता. त्याच्या शेजारची बाई फोनवर पुढच्या बैठकीची वेळ बघू लागली. निहारने मान खाली घातली होती. काय ठरलंय ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. वनितालाही कळलं. आज सांगितलं काय, दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं काय, हा लॅपटॉप असाच मिटला असता का, हे मात्र तिला कळेना, आणि ते आता कधीच कळणार नव्हतं.

मार्व्हाही तिच्याकडे बघत नव्हती. तिने पिवळी वही उघडली होती. तिच्या चेहऱ्यावर आभार नव्हते, माफी नव्हती. ती लिहून घेत होती. तारीख, खुर्च्यांचे आकडे, नर्सच्या मालिकेचं साल, मेलमधले शब्द.

"मॅडम, आम्ही समजलो," मालक म्हणाला.

वनिता बोलत राहिली. मधे मार्व्हाचं पेन मागे पडलं, तेव्हा ती थांबली. पेन ओळीच्या टोकाला पोचलं, मग तिने पुढचं वाक्य सुरू केलं.